जुनी गाडी घ्यायची म्हणताय? हमखास येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

मी लातूरचा. आजवर तीन चारचाकी घेतल्या, तिन्ही जुन्या. त्यामुळे पाहुण्यारावळ्यांत कुणाच्या मनात गाडी आली की पहिला फोन मला येतो. मी मेकॅनिक नाही, एजंट नाही, कुणाकडून कमिशन घेत नाही. फोनवर तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

बँक घरी येऊन कर्ज देते, मग जुनी गाडी कशाला?

कारण हप्ता दर महिन्याला येतो आणि सोयाबीन वर्षातून एकदा. आपल्याकडच्या निम्म्या घरांचं हे असं आहे. पगार असला तरी तो एकाचा, आणि घर शेतीच्या भरवशावर. दिवाळीच्या सुमारास पैसा हातात येतो, तेव्हा शोरूमची जाहिरात गोड वाटते. खरा हप्ता टोचतो जूनमध्ये, जेव्हा बी-बियाणं, खत आणि पोरांच्या फिया एकदम दारात उभ्या राहतात.

आकडा मांडू. समजा सात लाखांची गाडी. एक लाख भरले, सहा लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता पडतो साधारण १२,४५५ रुपये. पाच वर्षांत तुम्ही भरता ७ लाख ४७ हजार, म्हणजे १ लाख ४७ हजार नुसतं व्याज. विमा आणि रोड टॅक्स वेगळा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के, डिझेलला १३. आपल्याच राज्यातली जुनी गाडी घेतली तर हा कर पहिल्या मालकाने भरून टाकलेला असतो.

आणि किंमत उतरते ती कुणाच्या खिशातून? विम्याच्या कोष्टकात चार वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची किंमत निम्मी धरतात. बाजारात मारुतीच्या छोट्या गाड्यांना त्याहून बरा भाव येतो हे खरं. तरी पहिल्या तीन-चार वर्षांची मोठी घसरण पहिला मालक सोसतो, आपण त्याच्या मागून येतो.

नवरा-बायको दोघं नोकरदार, रोजचं जाणं-येणं साठ-सत्तर किलोमीटर, हप्ता पगारातून परस्पर कापला जातो आणि गॅरेजला जायला वेळ नाही, असं असेल तर खुशाल नवी घ्या. मी कुणाला अडवत नाही.

जीएसटी कमी झाला, आता तर नवीच परवडते ना?

काही बाबतीत हो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला. पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. आधी २८ टक्के आणि वर उपकर होता. पण काही विकणारे अजून जुन्या हिशोबाने भाव सांगतात. वर्ष-दोन वर्षं वापरलेल्या गाडीचा भाव नव्याच्या इतका जवळ असेल की फरक फक्त विमा आणि पासिंगच्या खर्चाएवढाच उरतो, तर ती गाडी सोडा. जुनी घ्यायची तर फरक डोळ्यांत भरेल एवढा हवा.

किती वर्षं जुनी घ्यावी?

माझं मत चार ते सात वर्षं. त्यातही तारखांवर लक्ष ठेवा, कारण कायदा बदलला तशा गाड्याही बदलल्या. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि रिव्हर्स सेन्सर, आणि २०२१ अखेर शेजारच्या सीटचीही एअरबॅग. बीएस-सहा, म्हणजे धुराचे कडक नियम, १ एप्रिल २०२० पासून; त्याआधीच्या गाड्या बीएस-चार. म्हणून २०१८ची आणि २०२०ची गाडी दिसायला जुळ्या बहिणी असल्या तरी त्यांत फरक आहे. लेकरांना घेऊन हायवेवर जाणार असाल तर पन्नास हजार जास्त गेले तरी दोन एअरबॅगवाली घ्या. मी स्वतः पहिल्या गाडीत हे बघितलं नव्हतं, कारण तेव्हा अक्कल नव्हती.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालावी लागते ना?

नाही. हा गोंधळ दिल्लीच्या बातम्यांनी झाला. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल हा निर्बंध दिल्ली परिसरातला, आणि तोही २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सैल केला. आपल्याकडे खाजगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं. ते संपलं की आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं. त्यासोबत पर्यावरण कर भरायचा, आणि नूतनीकरणाची फी आहे. चारचाकीला ही फी २०२२ पासून ५,००० रुपये झाली. गाडी वीस वर्षांपुढची असेल तर २०२५च्या नियमाने १०,०००. म्हणून २०१० सालची गाडी कुणी दाखवली तर पहिला प्रश्न हाच विचारा, की पासिंग वाढवलंय का. "करून देतो की" हे उत्तर चालत नाही. करून देऊ द्या, मग पैसे द्या.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. जुन्या गाडीचं काय?

ऊस आपलाच, इथेनॉल आपलंच, आणि तक्रारही आपलीच. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे या इंधनाला धरून केलेले आहेत. त्याआधीच्या गाडीला अॅव्हरेज थोडं कमी पडतं, आणि रबराचे पाइप, गॅस्केट लवकर कडक होऊ शकतात. गाडी एका दिवसात बंद पडत नाही. घेतल्यावर इंधनाचे पाइप एकदा तपासून घ्या, फिल्टर वेळेवर बदला, आणि गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

सकाळी जा, आणि फोनवरच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका.

मेव्हण्यासाठी अंबाजोगाईकडच्या एका गावात गाडी बघायला गेलो होतो. सकाळचे सात. मालक दारात उभे, चहा तयार, गाडी धुवूनपुसून लिंबाखाली लावलेली. आमचे चाचा, म्हणजे वर्षानुवर्षं माझ्या गाड्या बघणारे मिस्त्री, रामराम होण्याआधीच गाडीकडे गेले आणि बॉनेटवर पंजा ठेवला. कोमट. "सुबह सुबह किधर जाके आये मालक?" मालक म्हणाले, दूध घालून आलो. दूध घालायला कुणी डिझेल गाडी काढतं होय? चहा घेऊन आम्ही उठलो. चार दिवसांनी पहाटे न सांगता पुन्हा गेलो. तीच गाडी चौथ्या सेल्फला उठली आणि अंगणभर निळा धूर. त्या दिवशी चहा मिळाला नाही.

थंड इंजिन खोटं बोलत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आत शिरतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघू शकतं, आणि ते स्वस्त नसतं. ऑइलचं झाकण उघडा. आतल्या बाजूला ताकासारखं पांढरट दिसलं तर घरी या.

आता खास आपल्या भागातली गोष्ट, जी मोबाइलवरच्या यादीत सापडत नाही. रेडिएटर. इंजिन थंड असतानाच झाकण उघडायचं, तापल्यावर उघडलं तर हात भाजेल. आत हिरवा, लाल किंवा निळा कूलंट दिसला तर मालक शहाणा. गढूळ, तांबूस पाणी आणि कडेला पांढरा थर असेल तर वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं आहे. आपल्या बोअरच्या पाण्याने माठाला, गिझरला जसा क्षार धरतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांना धरतो. हिवाळ्यात काही कळत नाही. मे महिन्यात, परभणीचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर आणि एसी चालू, तेव्हा काटा वर चढायला लागतो. मग कुणीतरी थर्मोस्टॅटच, म्हणजे कूलंट कधी सोडायचं ते ठरवणारी झडपच, काढून टाकायचा सल्ला देतो. तो काढलेला आहे का हेही विचारा. काढला असेल तर गाडी आधी तापत होती, हे समजून घ्या.

एसी सकाळी तपासू नका. इंजिन सकाळी, एसी दुपारी. दोन चकरा होतात, होऊ द्या.

उरलेलं भराभर सांगतो. चारी दारं उघडून खांबाचं रबर ओढून बघा, आतलं कारखान्यातलं वेल्डिंग गोल ठिपक्यांचं असतं, ठोकलेल्या गाडीत ते सलग राहत नाही. बॉनेटच्या बोल्टवर पाना लागल्याचे ओरखडे आहेत का बघा. काचांवरचे साल जुळतात का बघा, एकच वेगळी असेल तर कारण विचारा. खराब रस्त्यावर वीसच्या वेगाने काच खाली करून चालवा आणि गाणी बंद ठेवा. आपल्या रस्त्यांनी सस्पेन्शन वाजणारच, पण टकटक एकाच चाकाकडून येते का हे ऐका. गाडी सोयाबीनच्या थप्पीशेजारी उभी राहत असेल तर उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का तेही पाहा. हसू नका, माझ्या दुसऱ्या गाडीचं झालंय.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

हा प्रश्न आधी मुंबईकरांचा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर, जालन्याकडे जे पाणी आलं, त्यानंतर तो आपलाही झाला. नाक वापरा. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, कुबट वास अत्तराखाली लपत नाही. सीट मागे सरकवा आणि रुळांखाली बोट फिरवा. काळ्या मातीचा बारीक चिखल तिथे वाळून बसतो, आणि तो काढायला सीट पूर्ण उघडावी लागते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, मधल्या पट्ट्यावर पाण्याची रेघ दिसते. स्टेपनीच्या खड्ड्यात गंज बघा. नव्याकोऱ्या सीट कव्हरची आणि मॅटची गाडी स्वस्तात असेल तर मला आनंद होत नाही, शंका येते.

मीटर मागे फिरवलेलं कळतं का?

मीटरवर ४२ हजार आणि ब्रेकच्या पायडलचं रबर झिजून गुळगुळीत, असं असेल तर मीटरपेक्षा रबरावर विश्वास ठेवा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जात असेल तर प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटरची नोंद होते, मालकाला सोबत नेऊन ती काढा. टॅक्सीला चाललेली गाडी नंतर खाजगी करून विकतात, तेही आरसीच्या नोंदीत बघा.

खरं सांगू, किलोमीटरचं एवढं वेड बरं नाही. हायवेवर लाखभर चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी, गावात पाच वर्षांत वीस हजार चालून धूळ खात पडलेल्या गाडीपेक्षा मला आवडते.

नोटरी केली, चावी मिळाली. आता काय राहिलं?

सगळंच राहिलं. आपल्याकडे शंभराच्या नाहीतर पाचशेच्या बॉण्डवर लिहून, दोन साक्षीदार धरून, गाडी पाच-पाच वर्षं जुन्या मालकाच्या नावावर फिरवतात. गाडी घरची झाली असं सगळे समजतात. कायद्याच्या लेखी ती नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याची. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: गाडी पुढे कितीही जणांना विकली गेली असो, अपघात झाला तर नोंदणीत नाव असलेला मालक भरपाईला जबाबदार. म्हणजे विकणाऱ्याच्या गळ्याला फास, आणि घेणाऱ्याचंही भलं नाही, कारण गाडीचं नुकसान झालं तर विमा कंपनी विचारते, तुम्ही कोण?

करायचं एवढंच. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, सोबत आरसी, विमा, पीयूसी, आधार, पॅन. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी नावावर झाली की विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो, म्हणून विम्याचा हप्ता थोडा वाढेल.

मालक वारलेले आणि गाडी मुलगा विकतोय, असंही फार असतं. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर होऊ द्या, मग व्यवहार. "घरातलेच आहोत" म्हणून पुढे जाऊ नका. भावकी कधी बदलेल सांगता येत नाही.

कर्ज फिटलंय म्हणतात, मग आरसीवर बँकेचं नाव कसं?

माझी दुसरी गाडी इथेच अडकली. मालक प्रामाणिक, कर्ज खरंच फिटलेलं, फायनान्स कंपनीचं नाहरकत पत्रही होतं. पण पत्र दोन वर्षांपूर्वीचं. अशा पत्राला साधारण तीन महिन्यांची मुदत धरतात. नवं पत्र काढायचं तर कंपनीची इथली शाखा बंद झालेली, फोन लावला की "आपण रांगेत आहात". चार महिने गेले. पैसे मी आधीच देऊन बसलो होतो.

तेव्हापासून नियम केला: आधी बोजा उतरवा, फॉर्म ३५ लावून आरसी कोरी करा, मग पूर्ण रक्कम. तोवर फक्त इसार, आणि इसाराची पावती. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की बोजा, विमा, पीयूसी, पासिंगची तारीख, मालक कितवा हे दिसतं. थकलेले ई-चलान वेगळे तपासा, ते गाडीच्या नंबरावर असतात आणि गाडीसोबत तुमच्या अंगणात येतात. चॅसिस नंबर मात्र अॅपवर नाही, गाडीवर वाकून वाचा आणि आरसीशी एकेक अक्षर लावून बघा.

बिदरची नाहीतर दिल्लीची गाडी लाखभराने स्वस्त मिळतेय. घेऊ का?

उदगीर, देगलूर, उमरग्याकडून हा प्रश्न हमखास येतो, कारण सीमा दहा पावलांवर. एमएच २४ असो, २६ असो की ५५, आपल्याच राज्यातली गाडी असेल तर काम सोपं. दुसऱ्या राज्यातली असेल तर तिकडच्या आरटीओचं नाहरकत, म्हणजे फॉर्म २८, मग इथला कर, मग नवा नंबर. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. कर आणि धावपळ धरून लाखभरातलं किती उरतं ते कागदावर मांडा. दिल्लीकडची जुनी डिझेल गाडी स्वस्त मिळते ती तिथल्या त्या निर्बंधाच्या धास्तीने. गाडी चांगली असू शकते. पण बघायला चाचा दिल्लीला येणार आहेत का?

नव्या नंबर प्लेटचं काय?

१ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य सुरक्षा नंबर प्लेट, बसवलेली हवी. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. विकणाऱ्यालाच बसवायला सांगा.

डिझेल की पेट्रोल?

महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या आत असाल तर पेट्रोल, विचार करू नका. रनिंग जास्त असेल, शेतावर जाणं असेल, तर बीएस-चारचं डिझेल. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, तरी तिच्या १३०० सीसी डिझेल इंजिनाचे मिस्त्री तालुक्या-तालुक्याला आहेत. बोलेरोचं तर विचारूच नका, तिची बॉडी वाजेल, इंजिन नाही. बीएस-सहाच्या डिझेलला धुराचा फिल्टर असतो, म्हणजे डीपीएफ. गाडी फक्त घर-बाजार-घर फिरली तर तो तुंबतो, त्याला अधूनमधून लांबचा रस्ता लागतो. गॅस किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर नोंद आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी, दोन्ही बघा.

जुनी गाडी समृद्धीवर न्यावी का?

न्या, पण टायर बघून. टायरच्या कडेला चार आकडे गोलात कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचा टायर मी ठेवत नाही. आपल्याकडच्या उन्हात रबर आतून तडकतं. त्यात जालन्याहून समृद्धीवर चढलं की सरळ काँक्रीट, १२० ची मर्यादा आणि थांबायचं कारण नाही, तेव्हा जुन्या टायरची परीक्षा होते. प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असताना, हवा तपासा. मी जुन्या गाडीने नव्वदच्या पुढे जात नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या.

रात्री गावाकडच्या रस्त्यावर मात्र टायरपेक्षा हेडलाइट मोठा. पिवळी पडलेली काच घासून किंवा बदलून घ्या. उसाच्या हंगामात मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली तुमच्यासमोर उभी असते, आणि ती दिसते तेव्हा फार जवळ असते.

पाव्हणे काय म्हणतील?

२०१० मध्ये संभाजीनगरच्या मंडळींनी एकत्र मिळून दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकदम घेतल्या, देशभर बातमी झाली. तसं करायची ऐपत असेल तर हा लेख वाचूच नका. नाहीतर पाव्हणे पहिल्या दिवशी विचारतात "नवी का जुनी?", दुसऱ्या महिन्यात विचारतात "लग्नाला देता का?"

आणि लग्नाचा विषय निघालाच आहे तर: जावयाला द्यायची गाडी जुनी चालेल का, असंही एकाने विचारलं. १९६१ पासून हुंडा गुन्हा आहे. त्याला गाडी जुनीही नको आणि नवीही नको.

घरी आणल्यावर आधी काय करू?

गाडीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम व्यवहाराआधीच बाजूला काढलेली हवी. ती नसेल तर तुम्ही एक पायरी महागडी गाडी घेतलीत. त्यातून पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. आधीच्या मालकाने "परवाच केलं" सांगितलं असलं तरी. बॅटरीची तारीख बघा. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची पावती नसेल, तर तोही बदला. तो तुटला तर इंजिन उघडावं लागतं. जुनी पाण्याची बाटली डिकीत असेल तर फेकून कूलंटचा डबा ठेवा. आणि दुसरी चावी मागून घ्या. ही चावी विकणाऱ्याच्या कपाटात राहून जाते, आणि वर्षभराने आठवण झाली की तो फोन उचलत नाही.